माझा काळा पैसा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसानं आपल्याकडे काळा पैसा आहे असं छापून आणू नये, हे मला कळतं. पण प्रकरण आता घराबाहेर गेलेलं आहे. लिफ्टमध्ये भेटणारे लोकसुद्धा "काय, ठरलं का घासायचं?" असं विचारू लागले, तेव्हा कबुली दिलेली बरी. होय, माझ्याकडे काळा पैसा आहे. एकूण रक्कम रुपये एक फक्त. तो चांदीचा आहे, १९१९ सालचा आहे, त्याच्यावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज आहे, आणि तो घासून पांढरा करायला माझा कडाडून विरोध आहे. काळ्याचा पांढरा करायला सरकारनं विरोध केला तर त्याला धोरण म्हणतात. मी केला तर "तुमचं आपलं काहीतरीच" असं म्हणतात.

आमची मुलुंड पूर्वेची इमारत पुनर्विकासाला गेली, त्या वेळची गोष्ट. तीन वर्षांसाठी भाड्याच्या जागेत जायचं, म्हणून माळ्यावरचं सामान खाली आलं आणि त्यात आजीची पत्र्याची पेटी निघाली. पेटीत बिस्किटांचा डबा, डब्यात लाल खणाची पिशवी, पिशवीत दहा रुपये. हे दहा माझ्या चांगल्या ओळखीचे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते घासूनपुसून ताम्हनात बसायचे. त्यात तीन राणीछाप, दोन सातव्या एडवर्डचे, बाकीचे पंचम जॉर्जचे. सगळे आरशासारखे लख्ख. आणि पेटीच्या तळाशी, जुन्या धाबळीच्या तुकड्यात गुंडाळलेला, हा अकरावा.

धाबळी म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. सोवळ्यात स्वयंपाक करताना नेसायचं लोकरीचं वस्त्र. उन्हाळ्यात ती नेसून चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना पुण्य लागत असेल तर ते त्यांनी घामानं कमावलेलं आहे. आजीचं लग्न १९४३ सालचं. सूनमुख बघताना तिच्या सासूबाईंनी तिच्या हातावर हा रुपया ठेवला होता. तो तिनं पूजेत कधी मांडला नाही, घासला नाही आणि मोडला तर नाहीच. लहानपणी मी एकदा त्याला हात लावायला गेलो तेव्हा ती म्हणाली होती, "तो सासूबाईंचा आहे. दिलाय तसा राहू दे." सासूबाई वारून तेव्हा चाळीस वर्षं झाली असतील. पण सासूचा वचक हे असं खातं आहे की, खातेदार गेल्यावरही ते बंद होत नाही.

मी त्याला काळा म्हणतो ते बोलण्याच्या सोयीसाठी. धाबळी उलगडून खिडकीशी नेला तर कडेला काळपट निळा, त्याच्या आत जांभळा, मग तांबूस आणि मध्ये राजाच्या गालावर मधासारखा पिवळा. तिरका धरला की पारव्याच्या मानेवर ऊन पडल्यासारखा दिसतो. मी पाचेक मिनिटं बघत राहिलो. तेवढ्यात सौ. मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, काय मेणचट झालाय! द्या इकडे, चिंच लावून ठेवते."

इथून भांडणाला सुरुवात झाली.

चांदी कशी घासावी या विषयात आपल्याकडे अज्ञानी माणूस सापडायचा नाही. हिचा पक्ष रांगोळी आणि चिंचेचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू राखेच्या. काका दंतमंजनाचे, त्यांनी आपली कवळीही त्यानंच घासून दाखवली. माझा मुलगा नव्या जगातला, तो म्हणाला, "बाबा, गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल. दोन मिनिटांत खेळ खलास." खेळ खलास हा शब्द त्यानं अगदी बरोबर वापरला, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यातच माझे मेहुणे न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेले. एडिसनमध्ये राहतात. तिकडे राहिल्यापासून त्यांना प्रत्येक वस्तूची किंमत डॉलरमध्ये दिसते. ते म्हणाले, "भाऊजी, वेडे आहात का? हा रुपया मी घेऊन जातो, तिकडे प्रतवारी करून घेऊ. पण आधी स्वच्छ करा. परीक्षकापुढे असा कळकट कसा पाठवायचा?" म्हणजे, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाआधी पूर्वी जी पावडरीची उधळण व्हायची, तिचीच ही सुधारित आवृत्ती.

ही प्रतवारी काय असते, ते मेहुण्यांच्या आग्रहामुळे मी रीतसर समजून घेतलं. विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. माणसं लठ्ठ, पिळदार आणि काटकुळी अशा तीन गटांत बसवायची आणि त्यावरून त्यांचा स्वभाव सांगायचा, हा त्याचा मुख्य उद्योग. त्यानं १९४९ साली अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी एक मोजपट्टी काढली. १ म्हणजे नाणं आहे एवढंच ओळखू येतं, ७० म्हणजे त्यात भिंगातूनही खोट सापडत नाही. ६० च्या वरचं नाणं म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या तिकडच्या कंपन्या याच मोजपट्टीनं नाण्याला आकडा देतात आणि त्याला प्लास्टिकच्या सीलबंद डबीत कोंडतात. शेल्डनबद्दल आणखी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर उघड झाली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून घेऊन त्यांच्या जागी त्यानं आपली कमी प्रतीची नाणी ठेवली होती. प्रतवारीचं ज्ञान पक्कं होतं, एवढं त्यावरून सिद्ध होतं. आमच्या बँकेत असतं तर याला पदोन्नतीआधी निलंबन मिळालं असतं.

तर मुद्दा असा की, प्रतवारीला पाठवण्याआधी रुपया घासावा की नाही. मी म्हणतो नाही, आणि का नाही ते आता सांगतो. ज्यांना केवळ विनोद वाचायचा असेल त्यांनी पुढची दोन पानं घासून टाकावीत.

पहिली गोष्ट, हा मळ नव्हे. मळ बाहेरून येऊन बसतो. चांदीचा काळेपणा हा चांदीतूनच तयार झालेला असतो. चांदी लोखंडासारखी गंजत नाही, नुसत्या हवेनं तिला काही होत नाही. तिचं वाकडं आहे ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड असला, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास असतो तो वायू, की चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. तो इतका पातळ असतो की, त्याच्या वरून आणि तळातून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दाखवतात. पावसाळ्यात एस. व्ही. रोडवर सांडलेल्या पेट्रोलवर जे रंग दिसतात, तीच ही जादू. पापुद्रा अगदी पातळ असताना पिवळा, जाड होत जाईल तसा तांबूस, मग जांभळा-निळा आणि शेवटी काळा. म्हणजे रुपयाच्या कडेपासून राजाच्या गालापर्यंत जे रंग आहेत, ते या क्रमानं वाचता येतात. कडेकडून गंधक आत सरकत आला, हे त्यात चक्क लिहिलेलं आहे.

गंधक आला कुठून? लोकरीत गंधक असतो. केस जाळला की जो वास येतो, त्यात त्याचाच वाटा असतो. धाबळी लोकरीची. आणि जी कसर राहिली असेल ती आमच्या मुलुंडनं भरून काढली. इथलं डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं. तोपर्यंत वारा पूर्वेकडून आला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि नाकाला रुमाल धरायचो. रुपयाला नाकही नव्हतं आणि रुमालही. आजीची धाबळी आणि मुलुंडची हवा या दोघींनी मिळून तो रंगवलेला आहे. असा रंगारी पुन्हा कुठून आणणार? धाबळी नेसणारी गेली आणि डम्पिंगही गेलं. डम्पिंगबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरी गोष्ट, घासल्यानं जातं काय? लोकांना वाटतं, काळेपणा जातो आणि खालची चांदी वर येते. अहो, तो काळेपणा म्हणजेच कालची वरची चांदी! ती गेली म्हणजे नाण्याचा वरचा थर गेला. टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर उमटतात. कोरं नाणं हातात फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखा जो उजेड त्याच्यावर फिरतो, तो या रेषांमुळे. त्या रेषा पुन्हा पाडायच्या तर १९१९ सालची टांकसाळ परत आणावी लागेल. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिनं घासलं की त्या रेषा जातात आणि त्यांच्या जागी आपल्या बोटांचे ओरखडे येतात. नाणं चमकतं खरं, पण ती चमक सुरीसारखी असते, मूळ तेज ते नव्हे. सराफाकडचं चांदी उजळायचं पाणी तर घासतही नाही, सगळा पापुद्रा विरघळवून मोरीत सोडतं. मुलाच्या फॉइलच्या प्रयोगात गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी परतते हे खरं. पण परतते ती भुरभुरीत, निस्तेज. घरातून पळून गेलेला मुलगा परतला तरी तो पूर्वीसारखा बोलत नाही, तसं काहीसं.

हे सगळं मी पुस्तकी बोलतो असा आरोप झाला, म्हणून पुरावा दिला. आमच्या घरात आयता प्रयोग झालेलाच होता. दहा रुपये दर दिवाळीला घासलेले, एक कधीच न घासलेला. अकराही घेऊन मी ओळखीच्या सराफाकडे गेलो. पूर्ण वजनाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे त्या काळचा बरोबर एक तोळा. त्यात शंभरात पावणेब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबं. दहांचं वजन व्हायला हवं ११६.६ ग्रॅम. काटा थांबला ११३.२ वर. अकरावा एकटा भरला ११.६३. पहिले दहा आमच्या घरी येण्याआधी बाजारात हातोहात फिरलेले होते, झीज काही त्याचीही आहे, हे मी हिशेबी माणूस म्हणून मान्य करतो. पण बाजारातली झीज उंचवट्यांवर होते. आमच्या रुपयांवर सपाट जागेतसुद्धा गोल गोल ओरखडे आहेत आणि ते बाजारानं काढलेले नाहीत. एका राणीचं नाक गेलेलं आहे, दुसरीचा गळ्यातला दागिना गेलेला आहे. लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली आम्ही पाऊणशे वर्षं लक्ष्मी थोडी थोडी मोरीत सोडत होतो. त्यातल्या एका दिवाळीला मी बारा वर्षांचा होतो आणि "बघ आजी, कसा चकाचक केला!" म्हणून एक एडवर्ड तिच्यापुढे नाचवला होता. एडवर्डला टक्कल होतंच. मी त्याची दाढीही काढली.

गंमत म्हणजे, झिजलेल्या नाण्याचा हिशेब आपल्या भाषेला पूर्वीपासून माहीत आहे. पेशवाईत आणि त्यानंतरही आपल्या मुलखात अंकुशी, चांदवडी, चिंचवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत. कशात चांदी किती, कोण किती झिजला, हे बघायला पोतदार आणि सराफ असत. रुपया कमी भरला किंवा परक्या टांकसाळीचा असला की, बदलून घेताना जी सूट कापायची तिचं नाव बट्टा. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३५ साली सगळीकडे १८० ग्रेनचा एकसारखा रुपया केला तेव्हा सराफांचा हा धंदा हळूहळू बसला. पण शब्द उरला. नावाला बट्टा लागतो तो तिथून. आणि आता पाहा, आपल्या पणजीच्या रुपयाला आपणच घरी बसून, चिंच विकत आणून, बट्टा लावतो!

आता विरुद्ध बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. मी काही आंधळा काळाप्रेमी नाही.

हिचं पहिलं म्हणणं असं की, "तुमच्या बँकेत स्वच्छ नोटा हव्यात म्हणून आग्रह, आणि घरात हे घाणेरडं नाणं?" बोचरं होतं. रिझर्व्ह बँकेचं स्वच्छ नोट धोरण १९९९ पासून आहे. नोटांच्या गड्डीला पिना मारू नका, नोटेवर लिहू नका, मळक्या नोटा परत पाठवा. काउंटरवर मी हे दिवसातून पाच वेळा लोकांना सुनावतो. पण नीट पाहा. रिझर्व्ह बँक मळकी नोट घेऊन ती धुवायला सांगत नाही. ती नोट काढून घेते आणि नवी देते. १९१९ चा रुपया मी काउंटरवर दिला तर त्याच्या बदली १९१९ चाच नवा रुपया कोण देणार आहे?

दुसरं म्हणणं, काळेपणा हीसुद्धा झीजच आहे, तो वाढत वाढत नाणं खाणार. हे अर्धं खरं आहे. पापुद्रा जाड होत कोळशासारखा झाला की त्यानं खालचं रूप खाल्लेलं असतं, आणि मग तो काढला तरी खाली काही उरत नाही. म्हणून तो वाढू देऊ नये. पण वाढ थांबवणं वेगळं आणि झालेलं पुसणं वेगळं. माझे केस पांढरे होताहेत. ते थांबवायचा उपाय कोणी सांगितला तर मी ऐकेन. कातडीसकट सोलून काढा म्हणाला तर नाही ऐकणार.

तिसरं, मळ असतोच ना काही नाण्यांवर? असतो. आमच्या दहा रुपयांच्या अक्षरांत हळदकुंकवाचे थर बसले होते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यांवर हिरवा चिकट द्रव येतो आणि तो चांदीला खातो. अशा गोष्टी काढायलाच हव्यात. त्या शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून निघतात. ॲसिटोन चांदीला हात लावत नाही आणि सल्फाइडलाही नाही. (मुलीचं नखांचा रंग काढायचं औषध म्हणजे शुद्ध ॲसिटोन नव्हे, त्यात तेल आणि अत्तर असतं. मी ते वापरायला गेलो आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.) वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर २०२२ साली शास्त्रीय पद्धतीनं काढले, तेव्हा आत देवीचं मूळ रूप दिसलं आणि लोकांनी हात जोडले. पण तिथं शेंदूर काढला, पाषाण घासला नाही. एवढा साधा फरक आहे. न घासता निघतं तो मळ. घासल्याशिवाय निघत नाही ते नाणं.

चौथं म्हणणं मेहुण्यांचं, आणि ते पैशाचं असल्यामुळे सगळ्यांनी कान टवकारले. चकचकीत नाण्याला जास्त आकडा मिळेल, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात उलटं आहे. परीक्षकाला नाणं घासलेलं दिसलं की तो आकडाच देत नाही. डबीत घालतो, खरं असल्याचं सांगतो, आणि चिठ्ठीवर 'साफ केलेले' असा शेरा मारतो. बस्स. नोकरीत असलेल्यांना हे लगेच कळेल. गोपनीय अहवालात 'काम समाधानकारक, परंतु' असं लिहिलेलं असतं ना, त्यातला तो 'परंतु'. पुढे माणूस कितीही चमकला तरी तो जात नाही.

याला एक पोटकलम आहे. रंगीत नाण्याला भाव येतो म्हटल्यावर लोक नव्या पांढऱ्या नाण्याला गंधकाची धुरी देऊन खोटे रंग चढवतात, भट्टीत भाजतात. तेव्हा काळं ते सगळं जुनं असं समजून कोणी पाकीट मोकळं करू नये. परीक्षक त्यालाही शेरा देतात. काळ्याचं पांढरं करणारा आणि पांढऱ्याचं काळं करणारा, दोघे एकाच बाकावरचे.

शहानिशा म्हणून मी अकराही रुपये घेऊन मुंबईतल्या एका नाणेप्रदर्शनात गेलो. तिथल्या एका वयस्क व्यापाऱ्यापुढे आधी दहा ओतले. त्यानं ते न बघताच बाजूला सारले. म्हणाला, "चांदीचा भाव." मग धाबळी उलगडली. त्यानं दिवा जवळ ओढला, नाणं कडेनं धरलं, भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मागच्या बाजूच्या फुलाखालचा बारीक ठिपका दाखवून म्हणाला, "मुंबई टांकसाळ. साल दुर्मिळ नाही, हे असे कोट्यवधी पाडले. पण न फिरलेलं आहे आणि कोणी हात लावलेला नाही. घासू नका." एवढं बोलून त्यानं धाबळीकडे बघितलं. "आणि हे कोणी गुंडाळलं होतं?" मी म्हटलं, "आजीनं." तो म्हणाला, "हां." त्या 'हां'साठी मी मुलुंडहून गेलो होतो असं मला वाटलं.

साल दुर्मिळ का नाही, त्याची कथा मी मेहुण्यांना मुद्दाम सांगितली. पहिल्या महायुद्धात लोकांचा कागदी नोटेवरचा विश्वास उडाला आणि जो तो नोट देऊन चांदीचा रुपया मागू लागला. सरकारकडे चांदी पुरेना. तेव्हा १९१८ साली अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी विकत घेतली आणि ती हिंदुस्थानात येऊन तिचे रुपये झाले. म्हणजे माझ्या पणजीनं सुनेच्या हातावर ठेवलेल्या रुपयात अमेरिकेचे डॉलर असण्याचा चांगलाच संभव आहे. मेहुण्यांच्या आधी आमच्या घरात डॉलर आलेला होता, आणि तो इथंच राहिला.

मेहुणे म्हणाले, "मग तर घेऊनच जातो, माहेरपणाला!" तेव्हा मला कायदा काढावा लागला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे. केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली संस्था सोडून कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. खिशात घालून तर नाहीच नाही. रुपयानं शंभरी २०१९ सालीच ओलांडली. मेहुणे गप्प झाले. ही म्हणाली, "म्हणजे एवढा महिनाभर घासायचा की नाही यावर भांडलात, आणि पाठवायचा नव्हताच?"

प्रश्न बिनतोड होता. मी विचार केला आणि मला आढळलं की, मला आकडा नकोच होता. मला फक्त चिंच नको होती. सत्तरपैकी किती ते सांगायला शेल्डन लागतो. पण "दिलाय तसा राहू दे" ही प्रतवारी आजीनं आधीच करून ठेवली होती आणि तिला अपिलाची सोय नव्हती.

आता जरा कठीण भाग. रुपया जसा आहे तसा ठेवायचा तर त्याला धाबळीतून बाहेर काढणं भाग होतं. जिनं ते रंग दिले तीच पुढे त्यांना कोळसा करणार. गंधक काही माया बघत नाही. त्या रात्री मी बराच वेळ ती घडी हातात घेऊन बसलो होतो. आजीनं ऐंशी वर्षांपूर्वी घातलेली गाठ मला सोडायची होती, आणि घासण्याच्या विरुद्ध एवढं गर्जून मीच काहीतरी पुसतोय असं वाटत होतं. ही बाजूला येऊन बसली. म्हणाली, "द्या इकडे." मी दचकलो. पण तिनं फक्त धाबळीची घडी घातली, तिला मलमलच्या फडक्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली. रुपया कडक प्लास्टिकच्या गोल डबीत घालून वरच्या कप्प्यात गेला. "सासू-सुना एका घरात, पण वेगळ्या कप्प्यात," ती म्हणाली. "टिकतात अशानं."

परवाच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला दहा रुपये ताम्हनात बसले. त्यांना या वर्षी नुसतं पाणी आणि मऊ फडकं. ते जरासे मंद दिसत होते, पण राणीचं उरलेलं नाक शाबूत होतं. अकरावा डबीसकट शेजारी ठेवला. आजीनं तो कधी मांडला नव्हता, तेव्हा मी मनातल्या मनात तिची परवानगी घेतली. दुसऱ्या मजल्यावरचे काका प्रसादाला आले आणि म्हणाले, "अहो, हा एक घासायचा राहिला वाटतं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, "राहिला नाही काका, राखलाय."

मला इतका आनंद झाला की मी काय बोलतो याचं भान राहिलं नाही. म्हटलं, "तू आज म्हणशील ते काम करतो." तिनं शांतपणे काळी ठिक्कर पडलेली पितळी समई माझ्यापुढे ठेवली, शेजारी चिंचेची वाटी ठेवली आणि विचारलं, "ही घासायची, की हिचीही प्रत जाईल?"

समई रोजच्या वापरातलं भांडं आहे. तिला घासलीच पाहिजे. मी दोन तास घासत होतो.